मंगळाच्या फोबोसभोवती यान टिकून कसं राहणार?

तुम्ही विचारलंत की मंगळाचा चंद्र फोबोस जेमतेम २२ किमीचा, मग यान त्याच्याभोवती फिरणार कसं. खरं सांगायचं तर नेहमीसारखं फिरूच शकत नाही, मंगळ फक्त ६,००० किमीवर असल्याने त्याचीच ओढ भारी पडते.

जुगाड असा, यान मंगळाभोवतीच फिरवायचं, फोबोसइतक्याच म्हणजे ७ तास ३९ मिनिटांत, पण कक्षा जरा लांबट. ठाण्यात तलावपाळीला मित्रासोबत राउंड मारताना तुम्ही कधी आतून पटकन पुढे गेलात, कधी बाहेरून रेंगाळत मागे पडलात, तर मित्राला वाटेल हा माझ्याभोवतीच घिरट्या घालतोय, सेम तसंच. नीट अंतर ठेवलं तर ही कक्षा बऱ्यापैकी स्टेबल असते. मंगळाच्या चंद्रांकडे जाणाऱ्या जपानच्या एमएमएक्स मोहिमेचा प्लॅन हाच आहे.