शंका आल्या म्हणून प्रभुभोजन सोडावं का?

"पहिल्या रविवारी मी मुद्दाम ड्युटी मागून घेते. म्हणजे प्रभुभोजन का घेतलं नाहीस, असं कुणी विचारत नाही."

हे सांगणारी भांडुपला राहणारी, भायखळ्याच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात काम करणारी सत्तावीस वर्षांची परिचारिका. घराणं मूळचं नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, रविवारच्या शाळेची शिक्षिका, आवाज चांगला म्हणून भजनात पुढे. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. (ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन जणींचे तपशील एकत्र केले आहेत.) विश्वासातल्या अडचणी घेऊन लोक आमच्याकडे बोलायला येतात, त्यात तिचा प्रश्न फार वेळा येतो: देव ऐकतो का, अशी शंका मनात आली, म्हणजे माझा विश्वास गेला का?

पहिल्या भेटीत आम्ही या प्रश्नाचं उत्तर देत नाही. आधी विचारतो, हे कधीपासून? त्या आठवड्यात काय घडलं? दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त छळतं? तिची उत्तरं लगेच आली. ऑगस्टपासून. रविवारच्या शाळेतला आठ वर्षांचा मुलगा डेंग्यूनं तिच्याच वॉर्डात आला, मंडळीनं तीन दिवस उपास-प्रार्थना केली आणि पाचव्या दिवशी तो गेला. शंका येतात त्या रात्रपाळीत, तीनच्या सुमाराला. दफनविधीनंतर कुणीतरी म्हणालं होतं, "प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास कमी पडला." वर्गात दुसऱ्या एका मुलानं विचारलं, "ताई, येशू आजारी मुलांना बरं करतो ना?" आणि तिला काही बोलता आलं नाही. आत्यानं सांगितलं, शंका हे सैतानाचं काम, येशूचं नाव घेऊन हाकलून दे. तिनं हाकललं. शंका गेल्या नाहीत, वर आपण सैतानाच्या ताब्यात आहोत ही भीती बसली.

बायबलमधला उतारा उघडण्याआधी शरीराची चौकशी करावी लागते. ती सलग रात्रपाळ्या करत होती, दिवसा जेमतेम चार तास झोप, जेवण म्हणजे वडापाव आणि चहा. अशा अवस्थेत पहाटे तीन वाजता कुणालाही देव दूर वाटेल. सिस्टर इन्चार्जशी बोलून पाळ्या बदलून घेणं हे आमचं पहिलं काम ठरलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावंच. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आणखी एक प्रकार ओळखावा लागतो. तीच शंका दिवसातून तीस-चाळीस वेळा येते, दर वेळी तीच प्रार्थना ठरलेल्या शब्दांत केल्याशिवाय चैन पडत नाही, पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) पुन्हापुन्हा फोन करून "माझं तारण झालंय ना?" असं विचारावं लागतं. ही विचारांची सक्ती असते, तिला उपचार लागतात. तिथे दर वेळी धीर देत गेलं तर आजार वाढतो. या मुलीला तसं काही नव्हतं.

मग तिला एक वही आणायला सांगितली. एका ओळीत एक शंका, तीही देवाला उद्देशून. 'देव आहे का' असं न लिहिता 'तू होतास का?' असं. अकरा ओळी झाल्या. पाचवी ओळ त्या मुलाच्या आजीनं ठेवलेल्या नव्या कराराबद्दल, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाबद्दल होती: 'आजीनं त्याच्या उशीखाली ठेवलेला छोटा नवा करार मीच काढून पिशवीत घातला, तेव्हा तू कुठे होतास?'

पुढच्या भेटीत अकरा ओळींची वर्गवारी केली. तीन ओळी माहितीच्या होत्या, सहा जखमेच्या, दोन अपराधीपणाच्या. बहुतेक घरांत गाडी अडते ती इथेच. जखमेला माहितीचं औषध दिलं जातं. भाऊ तिला रोज विश्वासाच्या पुराव्यांचे व्हिडिओ पाठवत होता. हेतू चांगला, पण सहावी ओळ रडत असताना पहिल्या ओळीचं उत्तर ऐकवून काय होणार? उलटही घडतं. खरोखर अभ्यासाचा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला "फक्त प्रार्थना कर" म्हणून गप्प बसवतात आणि तो पुन्हा विचारत नाही.

माहितीच्या तीन ओळींना अभ्यासच दिला, आठवड्याला एक. एक प्रश्न पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सकाळचा होता: कबरीपाशी गेलेल्यांत मार्क तीन स्त्रियांची नावं देतो, योहान एकट्या मग्दालीया मरीयेचं, मग खरं कोण? तिला चार शुभवर्तमानांतले (येशूच्या चरित्रांतले) चारही वृत्तान्त शेजारी शेजारी मांडून वाचायला सांगितलं. योहान २०:२ मधला शब्द तिनंच शोधला. मरीया एकटी धावत येते, पण म्हणते 'आम्हांला ठाऊक नाही'. म्हणजे सोबत आणखी कुणी होतं. एवढ्यानं सगळं सुटतं असं नाही. पण प्रश्न विचारल्यावर ग्रंथ अधिक बारकाईनं वाचला जातो, हे तिनं स्वतः अनुभवलं.

मराठी ख्रिस्ती घरांना हे परकं वाटायला नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. नवऱ्यानं घेतला म्हणून त्यांनी घेतला नाही, आतून पटेपर्यंत त्या थांबल्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही चर्चच्या शिकवणुकीवर पत्रांतून सडेतोड वाद घातला. त्याच रमाबाईंनी पुढे आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणण्यात घालवली.

जखमेच्या सहा ओळींसाठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रं. १३वं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं. त्यात चार भाग स्पष्ट दिसतात: हाक, तक्रार, मागणी, भरवसा. एक स्तोत्र आठवडाभर रोज वाचायचं, दहा मिनिटं, ओठ हलतील असं. ती ते भांडुपला पकडलेल्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्याच्या दाराशेजारी उभी राहून वाचायची. मग याच चार भागांत स्वतःचा विलाप लिहायचा. चौथा भाग लिहवत नसेल तर जागा कोरी ठेवायची, हे आम्ही बजावून सांगतो. भरवशाचं वाक्य ओढूनताणून लिहिलं की सगळी वही खोटी पडते आणि माणूस पुन्हा देवापुढे मुखवटा लावतो. कोरी जागा ठेवायला आधार आहे: ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तिची जागा पाच आठवडे कोरी होती. सहाव्या आठवड्यात तिथे चार शब्द आले: 'तरी तुझ्याशीच बोलते आहे.'

ज्यांना विश्वासातली वाढ म्हणजे काय ते कळत नाही, त्यांनी हे चार शब्द ऑगस्टच्या आधीच्या तिच्या प्रार्थनांशेजारी ठेवून पाहावेत. तेव्हा ती देवाकडे मुलाचं बरं होणं मागत होती आणि ते रास्तच होतं. आता काही न मिळताही ती त्याच्यासमोर उभी होती.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. प्रभुभोजन 'अयोग्य प्रकारे' घेऊ नये, असं पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ११) आहे; तिला त्या शब्दांची धास्ती होती. एकविसावं वचन वाचलं की संदर्भ कळतो: करिंथच्या मंडळीत कुणी उपाशी राहत होतं आणि कुणी पिऊन मस्त होत होतं. पौलाचा राग त्या वागण्यावर आहे. शेवटच्या भोजनाला बसलेले शिष्य तर काही तासांतच पळून गेले. भाकर त्यांनाही मिळाली. मत्तय २८:१७ मध्ये उठलेल्या प्रभूला नमन करणाऱ्यांपैकी कित्येकांना संशय वाटला असं लिहिलं आहे, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्यांनाही आहे. स्वतः पाहिल्याशिवाय येशू उठला हे मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याबद्दल आम्हांला नेहमी वाटतं की लोक त्याचा प्रश्न लक्षात ठेवतात आणि ते आठ दिवस विसरतात. ठाम नकार दिल्यावरही तो आठ दिवसांनी त्याच घरात, त्याच शिष्यांमध्ये होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. 'माझा प्रभू व माझा देव' हे शब्द त्या घरात उमटले.

म्हणून या काळात एक नियम आम्ही कडक पाळायला लावतो, येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिलेला: मन अंधारात असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. मंडळी सोडणं, शिक्षिकेचं काम सोडणं, लग्न मोडणं, सगळं थांबवायचं. सोबत एकच ऐकणारा माणूस निवडायचा. संपूर्ण प्रार्थना सभेपुढे शंका मांडली की दुसऱ्या दिवशी ती गल्लीभर होते. तिनं पाळकांच्या पत्नीला निवडलं, आणि त्या बाईंनी उपदेश न करता नुसता चहा केला, हे फार चांगलं झालं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं ड्युटी मागितली नाही.

वर्गातल्या त्या मुलाला तिनं सांगितलं, "कधी बरं करतो, कधी नाही करत. का, ते मला माहीत नाही. मी त्याला रोज विचारते." मुलगा म्हणाला, "मी पण विचारू?" तेव्हापासून वर्गात दर रविवारी पाच मिनिटं प्रश्नांची असतात.

अकरापैकी सात ओळींवर तिनं स्वतः रेघ मारली आहे. पाचवी तशीच आहे. शेवटच्या भेटीत तिनं विचारलं, लेंतच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) दिवसांत मंडळीच्या तरुण संघापुढे ती ओळ वाचून दाखवू का? आम्ही म्हटलं, आधी त्या मुलाच्या आईला आणि आजीला विचारा. तो नवा करार आजीचा आहे.