कर्नाटक पोलिसात कैदी एस्कॉर्टच्या लाईनमध्ये मोठ्या पोस्टपर्यंत जाता येतं का, की सिव्हिल पीएसआयच बरं?

तू लिहिलायस की डिग्री झालीय, निपाणी भागातला हायस, अमेरिकेत कैद्यांची ने-आण करणारी वेगळी यंत्रणा असते असं वाचलंस, आणि आपल्याकडं त्या लाईनमध्ये वरपर्यंत जाता येतं का असं विचारायलास. शेवटी एक ओळ टाकलीस, "काका सिव्हिलमधनं रिटायर झालेत, ते म्हणतात रिझर्व्हवाले म्हणजे नुसते कैद्यांचे ड्रायव्हर." त्या ओळीसाठी हे लिहायलोय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मधे मधे येईल.

मी रिझर्व्हचाच माणूस, म्हणजे ठाण्यात बसून तपास करणारे सिव्हिलवाले नव्हे, बंदोबस्त आणि कैद्यांची ने-आण करणारे सशस्त्र पोलीस. आरएसआय (रिझर्व्ह सब-इन्स्पेक्टर) म्हणून लागलो, आरपीआय (रिझर्व्ह पोलीस इन्स्पेक्टर) होऊन रिटायर झालो. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, उत्तर कर्नाटकातलंच मुख्यालय समज.

आधी तुझ्या कामाचं सांगून टाकतो. अमेरिकेत मार्शल्स सर्व्हिसकडं कैद्यांसाठी 1995 पासून विमानांची स्वतंत्र व्यवस्थाच हाय, इंग्लंडात ते काम खाजगी कंपन्यांना दिलंय. आपल्याकडं तसं वेगळं खातं नाही. जेलच्या गेटच्या आत जेल खातं, गेटच्या बाहेर पाऊल पडलं की पोलीस. ते पोलीस म्हणजे जिल्ह्यात डीएआर (डिस्ट्रिक्ट आर्म्ड रिझर्व्ह) आणि कमिशनरेट असेल त्या शहरात सीएआर (सिटी आर्म्ड रिझर्व्ह). बेळगाव शहराला 2014 ला कमिशनरेट झालं, तेव्हापासून तिथं दोन्ही. कॉन्स्टेबल म्हणून लागलास तर हेड कॉन्स्टेबल, एआरएसआय, मग आरएसआय, आरपीआय, त्याच्यावर डीएआरचा डीएसपी किंवा शहरात एसीपी. डिग्रीवाल्याला थेट आरएसआयची भरती असते आणि पगाराची श्रेणी पीएसआयचीच, हे तुझ्या काकांना बहुतेक आठवत नसेल. बंगळुरूत सीएआरला डीसीपी असतो. त्याच्यावर सगळे आयपीएस. म्हणजे वरपर्यंत जाता येतं, पण डीएसपीच्या पुढं फार थोडे पोचतात आणि प्रमोशनला वेळ लागतो. पदं कमी, माणसं जास्त.

आता जे सांगायचं ते. या लाईनमध्ये मोठा अधिकारी कोण हे खांद्यावरचे स्टार बघून ठरवू नको. उद्या सकाळी कुठल्या कैद्याबरोबर कोण जाणार आणि किती जण जाणार, त्या यादीवर ज्याची सही असते तो खरा मोठा. मी हे एका आरपीआयकडं बघून शिकलो, मी तेव्हा त्यांच्या हाताखाली आरएसआय होतो.

डिसेंबर महिना. बेळगावला सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं, आणि अधिवेशन म्हटलं की आजूबाजूच्या जिल्ह्यांची फोर्स तिकडं ओढतात हे तुम्हाला बेळगाववाल्यांना सांगायला नको, रस्त्यावर उभी असलेली निम्मी माणसं बाहेरची असतात. त्यात मार्गशीर्ष पौर्णिमेची सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा, तिकडं पण बंदोबस्त. आमच्या मुख्यालयात उरले ते गार्ड ड्युटीचे, आजारी, आणि थोडेसे आम्ही. पण कोर्ट काय अधिवेशनासाठी थांबत नाही. संध्याकाळी जेलमधनं दुसऱ्या दिवशीची यादी आली, सात-आठ कोर्टं, वर एक बॉडी वॉरंट महाराष्ट्रातलं, म्हणजे तिकडच्या कोर्टाचा कैदी हजर करायचा हुकूम.

यादी बघून साहेबांनी, म्हणजे त्या आरपीआयनी, वर फोन लावला की एवढ्या माणसात होत नाही. पलीकडं सिव्हिलचे एक मोठे अधिकारी होते, नाव सांगत नाही, ते म्हणाले एका कैद्यामागं एक माणूस द्या, सरकारी बसनं पाठवा, रोज जातच असतात की. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "आगोदिल्ला सार (होणार नाही सर). लेखी आदेश द्या, पाठवतो." फोन कट झाला. लेखी काही आलं नाही, येणार पण नव्हतं.

आता दुसरा कोणी असता तर इथं दोनपैकी एक केलं असतं. एक तर मान खाली घालून एकेक माणूस पाठवला असता, नाहीतर "एस्कॉर्ट उपलब्ध नाही" असं सगळ्या कोर्टांना सरसकट लिहून झोपायला गेला असता. हे दुसरं जे हाय ना ते पहिल्याएवढंच वाईट हाय, कारण कैदी कोर्टात गेला नाही की त्याची तारीख गेली, आणि तो आत अजून महिनाभर. आत बसलेल्यात बरेचसे अजून गुन्हा सिद्ध न झालेले असतात हे आपण विसरतो.

साहेबांनी काय केलं, यादी टेबलावर पसरली आणि मला आणि रायटरला (लिखापढी करणाऱ्या पोलिसाला) बसवून घेतलं, आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न, उद्या याचं कोर्टात काय हाय? जेलच्या क्लार्कला फोन, कोर्टाच्या शिरस्तेदारांना फोन, सरकारी वकिलांना फोन, रात्री जेवायच्या वेळेला सुद्धा. ज्याची नुसती कोठडी वाढवायची होती त्याला व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) टाका असं जेलला आणि कोर्टाला पत्र. कायद्यात ते बसतं, पहिल्यांदा कैदी समोर उभा करावाच लागतो पण नंतर न्यायालयीन कोठडी व्हीसीवर वाढवता येते, 2008 च्या दुरुस्तीपासनं तसं हाय आणि आता बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पण हाय. ज्याची केस तशीच पुढं जाणार होती, वकीलच येणार नव्हते, त्याला वेगळं पत्र. आणि ज्याची साक्ष, ज्याचा 313 चा जबाब (आरोपीचा स्वतःचा, कोर्टापुढचा), ज्याचा निकाल, ते काहीही झालं तरी जाणार, पूर्ण माणसांनी आणि खात्याच्या गाडीनं. बॉडी वॉरंटला त्या कोर्टाकडं दुसरी तारीख मागितली. रात्री उशिरा यादी निम्म्यावर आली, उपलब्ध माणसं तेवढ्यांना पुरली. प्रत्येक पत्राखाली त्यांची स्वतःची सही.

माझ्या वाट्याला एक पोरगा आला, दरोड्याच्या केसमधला, एका तालुका कोर्टात साक्ष होती. साक्षीदार महाराष्ट्रातनं, जत बाजूनं यायचा होता, आणि मागच्या वेळेला तो आलेला पण आरोपी नाही म्हणून तसाच परत गेलेला. ऊसाचा हंगाम, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, एक उलटला की तासभर गाडी हलत नाही, म्हणून साहेबांनी आम्हाला दीड तास आधी काढलं. वाटेत ढाब्यावर थांबायचं नाही, कैदी म्हणेल तिथं थांबायचं नाही, ज्याच्या हातात रायफल त्यानं कैद्याला धरायचं नाही आणि जवळ बसायचं नाही. हे कोणाला साधं वाटत असेल, पण कैदी पळालेल्या घटना काढून बघ, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी मोडलेलं असतं.

कोर्टात त्याची आई भाकरीचा डबा घेऊन उभी होती. डबा मी घेतला नाही, घेता येत नाही. पण न्यायाधीशांची परवानगी मागितली आणि दोन शब्द बोलू दिलं, कोर्टहॉलमध्येच, सगळ्यांसमोर. साक्ष झाली. साक्षीदारानं समोर बघून सांगितलं, हा तो नव्हे. संध्याकाळी जेल बंद व्हायच्या आधी आम्ही तिथं पोचलो, गेटवर झडती देऊन ताब्यात दिला, पावती घेतली. पुढं काही महिन्यांनी तो सुटला. त्या दिवशी एस्कॉर्ट नाही म्हणून पत्र गेलं असतं तर तो साक्षीदार तिसऱ्यांदा आला असता का? मला नाही वाटत.

आणि त्याच हंगामात दुसऱ्या एका ठिकाणी एकट्या कॉन्स्टेबलबरोबर बसनं पाठवलेला कैदी स्टँडवरनं पळाला. कॉन्स्टेबल सस्पेंड. आयपीसीचं 223 कलम लागलं, म्हणजे हलगर्जीपणानं कैदी पळू दिला, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आता बीएनएस या नव्या दंडसंहितेत ते 261 हाय. खात्याची चौकशी वेगळी, ती चालू असेपर्यंत प्रमोशन बंद. ज्यानं फोनवर "पाठवा" म्हटलं होतं त्याचं नाव एकाही कागदावर नव्हतं. त्या कॉन्स्टेबलला मी ओळखत होतो, ट्रेनिंग सेंटरला आमच्याच वेळेचा, सज्जन माणूस.

आता आमचे दाजी. ते सिव्हिलमधले, पीआय होऊन रिटायर झाले. गावात म्हाईच्या (जत्रेच्या) जेवणाला पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्या आरपीआयनं त्या दिवशी स्वतःची नोकरी वाचवली, दुसरं काय केलं, तपास आम्ही करायचा, तुम्ही नुसतं पोचवायचं, त्याला कसली अक्कल लागते. बहिणीचा नवरा, वयानं मोठे, मी पंगतीत बोललो नाही. पण आज बोलतो. दाजी, तुमचा तपास चार्जशीटला संपतो, पुढं केस चालते ती तारखांवर, आणि तारीख चालते ती आरोपी समोर उभा राहिला तर. तुम्ही धावाधाव करून आणलेला साक्षीदार आमच्या गाडीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेला असतो. नोकरी वाचवायची असती तर साहेबांनी सरळ एकेक माणूस पाठवला असता, वरनं शाबासकी मिळाली असती, आणि काही झालं असतं तर कॉन्स्टेबल गेला असता.

बेड्यांचं पण तसंच. दाजींचं म्हणणं बेडी घाला आणि चला, कोर्ट काय बघायला येतंय. सुप्रीम कोर्टानं 1980 ला प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये सांगितलंय की सरसकट बेड्या घालायच्या नाहीत, 1995 ला परत सांगितलं की जेल ते कोर्ट नेताना मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसच्या 43 मध्ये खून, संघटित गुन्हेगारी, ड्रग्ज, आधी पळालेला असल्या ठराविक आरोपींना बेडी घालायची मोकळीक दिलीय, सगळ्यांना नव्हे. कुणाला लावायची आणि कुणाला नाही हे सकाळी सहा वाजता ठरवायला अक्कल लागते आणि ते ठरवणारा आरपीआयच असतो. त्याला ड्रायव्हर म्हणायचं तर म्हणा.

म्हणून माझं मत सरळ हाय, आरएसआयचा फॉर्म भर. पीएसआयचा पण भर, नको म्हणत नाही, पण त्या एकाच परीक्षेवर आयुष्य टांगून ठेवू नको, 545 पीएसआयची 2021 ची परीक्षा घोटाळ्यात 2022 ला रद्द झाली आणि फेरपरीक्षा 2024 ला, तोपर्यंत पोरं रूम घेऊन धारवाडात बसली होती.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला पाहिजे होत्या. कन्नड पक्कं पाहिजे, बोलायचं नव्हे, लिहायचं. आपल्या भागातली मराठी मीडियमची पोरं ग्राउंडला पहिली येतात आणि कन्नड लिहिण्यात अडकतात. दुसरं, गावात मान सिव्हिलवाल्याला मिळतो, लग्न जमवताना पण ठाणं कुठलं हेच विचारतात. घरच्या सणाला तू बंदोबस्तात असणार. मी सांगितलेले साहेब सगळीकडं भेटत नाहीत, फोनवर "पाठवा" म्हणणारेच जास्त भेटतील आणि लागल्यावर पहिली कित्येक वर्षं तुझ्या हातात यादी नसेल. जेल खात्यात जायचं असेल तर जेलरची भरती वेगळी निघते, तिथं वर सुपरिटेंडेंटपर्यंत रस्ता हाय, पण ते काम आतलं.

आणि काकांशी भांडू नको. फक्त एकदा विचार, ते तपास अधिकारी असलेल्या केसमधल्या किती तारखा "एस्कॉर्ट नाही" म्हणून पुढं गेल्या, आणि त्यानंतर त्यांचे साक्षीदार परत आले का. काय म्हणाले ते मला नक्की कळव.