लाव्याची पेशी कोंबडीत कशी ओळखतात?

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते. लावा पक्ष्याच्या भ्रूणाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला तर तो तेथे वाढतो, असे ती सांगते. दोन्ही एकजीव झाल्यावर कोणती पेशी कोणाची, हे कळते तरी कसे?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : भ्रूणातील पेशी बसवल्या जागी थांबत नाहीत, मज्जानलिकेच्या कडेवरून निघालेल्या ‘न्यूरल क्रेस्ट’ पेशी तर कातडीपर्यंत आणि आतड्यापर्यंत पोहोचतात. वरून लावलेला रंग पेशी विभागत गेली की फिकट होतो, म्हणून पेशीच्या अंगचीच खूण हवी.

तशी खूण फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवून दिली. लाव्याच्या केंद्रकात डीएनएचा घट्ट पुंजका केंद्रकीला, म्हणजे केंद्रकातल्या छोट्या गोळ्याला, चिकटलेला असतो, कोंबडीत तो विखुरलेला असतो, आणि डीएनए रंगवणाऱ्या फॉयल्गेन रंजकाने हा फरक स्पष्ट दिसतो. ही निरीक्षणशक्ती मला आजही थक्क करते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी कापलेला भ्रूणाचा पातळ काप, म्हणजे छेद, प्रत्येक पुंजक्यातून जातोच असे नाही, त्यामुळे लाव्याच्या काही पेशी मोजणीतून निसटतात.

ही उणीव प्रतिपिंडांनी, म्हणजे अँटीबॉडींनी, भरून काढली. एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची पद्धत कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिल्यानंतर, लाव्याच्या पेशीला चिकटणारे पण कोंबडीच्या पेशीला न चिकटणारे प्रतिपिंड निवडून काढणे शक्य झाले. ‘क्यूसीपीएन’ हे त्यांपैकी सर्वांत उपयोगी. ते लाव्याच्या जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत केंद्रकाभोवती बसते, आणि त्याला धरणाऱ्या दुसऱ्या, रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडामुळे ती जागा उजळते. ‘क्यूएच-१’ हे मात्र लाव्याच्या रक्तपेशी व रक्तवाहिन्यांच्या अस्तरापुरतेच आहे.

क्यूसीपीएन पेशी कोणाची ते सांगते, ती चेतापेशी झाली की स्नायू, हे सांगत नाही. त्यासाठी त्याच छेदावर पेशीचा प्रकार ओळखणारे आणखी एक प्रतिपिंड लावावे लागते. दोन्ही उंदरापासून मिळवलेली असतील तर त्यांचे वर्ग भिन्न असावेत, नाहीतर रंगद्रव्य जोडलेले प्रतिपिंड दोन्हींना सारखेच धरेल. क्यूसीपीएन आयजीजी वर्गाचे आणि न्यूरल क्रेस्ट दाखवणारे ‘एचएनके-१’ आयजीएम वर्गाचे असल्याने ही जोडी चालते.

आपल्या मुलीने असा छेद दाखवला, तर निव्वळ लाव्याचा आणि निव्वळ कोंबडीचा छेदही त्याच दिवशी, त्याच द्रावणांनी रंगवला होता का, हे तिला अवश्य विचारा. पहिला उजळला नसेल, तर मिश्र भ्रूणातील अंधारावरून लाव्याच्या पेशी तेथे नाहीत असे म्हणता येणार नाही. आणि दुसरा उजळला असेल, तर दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवता येणार नाही.