शनिवारवाड्याजवळचा फ्लॅट आणि रिडेव्हलपमेंटचं गाजर

प्रश्न: वय 44, पुण्यात नोकरी. शनिवारवाड्याला लागून जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर 80 लाखांचा फ्लॅट पाहिलाय. बाल्कनीसमोरच तटबंदी; मंडई, तुळशीबाग चालत. माझे 30 लाख, कर्ज 50. एजंट म्हणतो, तीन वर्षांत रिडेव्हलपमेंट होऊन मोठी जागा मिळेल. बँक कर्जासोबत 3 लाखांचा एकरकमी विमा सक्तीचा म्हणतेय. कर्ज 15 वर्षांचं घ्यावं की 20?

उत्तर: घेणारच असाल तर 15. साडेआठ टक्क्यांनी हप्ता 49 हजार, 20 वर्षांचा 43. सहा हजार वाचवायला साठीनंतर चार वर्षं हप्ते कशाला?

आता न विचारलेलं. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा याबाबत फार कडक आहे. परवानगी मिळते ती डागडुजीची, इमारत पाडून टॉवर उभा करण्याची नव्हे. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये बांधकाम होऊ शकतं, पण परवानगी घेऊन. तटबंदी तुमच्या बाल्कनीसमोर आहे म्हणता, म्हणजे एजंट तुम्हाला जे विकतोय ते तिथे होणारच नाही. बरं, त्याला हा नियम माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तीन वर्षांची तारीख लेखी मागून बघा, विषय बदलेल.

मग उरतं काय? बिनलिफ्टचा तिसरा मजला आणि जुन्या इमारतीचा दुरुस्तीखर्च. पेठेत पायी फिरण्याचं सुख खरं आहे, त्याला किंमतही आहे. पण 80 लाखांत रिडेव्हलपमेंटच्या आशेचे किती धरलेत, ते विचारा.

विमा कोणत्याही नियमाने सक्तीचा नाही. ते 3 लाख कर्जात मिळवले तर 15 वर्षांत सव्वापाच लाख फेडाल. 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा आयुर्विमा) वेगळा घ्या. बँक अडून बसली तर नकार लेखी मागा.

शिवाय मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि नोंदणी मिळून सहा लाख लागतील. ते तुमच्या 30 लाखांत धरलेले दिसत नाहीत, आणि आणीबाणीसाठीही काही उरत नाही.

टोकन देऊ नका. आधी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, मागा, अंतर मोजून घ्या. 100 मीटरच्या आत असेल तर ‘आहे तसा फ्लॅट’ म्हणून भाव पाडून मागा. मालक उतरला नाही तर त्याच पेठेत भाड्याने राहा.