टोकियोत रात्र काढायची तर शेवटच्या गाडीचं आधी ठरवा

मुक्काम टोकियोतल्या उएनो भागात, शुक्रवारची एक रात्र शिंजुकू भागात घालवायची, आणि दोघांना खर्च किती, भीती कितपत, असं तुम्ही विचारलंय. मारामारी-लुटालुटीची धास्ती टोकियोत फारशी नको. तिथे रात्र फसते ती शेवटची गाडी चुकल्यामुळे किंवा रस्त्यावरच्या दलालाच्या मागे गेल्यामुळे.

गाड्या रात्रभर चालत नाहीत. यामानोते लाइन, म्हणजे शहरात गोल फिरणारी रेल्वे, मध्यरात्रीनंतर तासाभरात बंद होते ती पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होते. २०२१ मध्ये ती चालवणाऱ्या जेआर ईस्ट कंपनीने शेवटच्या गाड्या आणखी अलीकडे आणल्या, म्हणून जुन्या गाइडबुकातली वेळ धरू नका. शेवटच्या काही गाड्या तर पूर्ण फेरी न मारता ओसाकी, शिनागावा किंवा इकेबुकुरोलाच संपतात. तुमचा जवळचा रस्ता नेमका इकेबुकुरोवरून, त्यामुळे गाडी मिळूनही अर्ध्यात उतरायची पाळी येते. डब्यावरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. शिवाय शिंजुकू स्टेशन अवाढव्य आहे. काबुकिचोतून, म्हणजे शिंजुकूतल्या बार-करमणुकीच्या वस्तीतून, पावणेबाराला निघालात तर निवांत पोचाल.

गाडी चुकली तर टॅक्सीला चार-पाच हजार येन मोजावे लागतील, कारण रात्री १० ते पहाटे ५ भाडं २० टक्के जास्त असतं. काचेमागे लाल अक्षरं दिसली तर टॅक्सी रिकामी, हिरवी दिसली तर आत प्रवासी आहे. मागचं डावं दार ड्रायव्हरच उघडतो, ओढू नका. दुसरा पर्याय म्हणजे पहाटेपर्यंत कराओकेची खोली घेणं. अर्धवट दीड वाजता दमून रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा हे बरं, पण ते अकरालाच ठरवा.

सुरुवात इझाकायापासून, म्हणजे पिण्याबरोबर खाणं मिळणाऱ्या जपानी बारपासून, करा. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी समोर येते, ती ओतोशी. माणशी ३००-५०० येन बिलात लागतात आणि ती फसवणूक नव्हे, जागेचंच भाडं समजा. नोमिहोदाई, म्हणजे ठरलेल्या वेळात हवं तितकं पिणं, ९० किंवा १२० मिनिटांचं असतं. पण शेवटची ऑर्डर बहुधा अर्धा तास आधीच घेतात, टेबलावरच्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी रिकामा ग्लास दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही. दोन-तीन ग्लासांवर थांबणार असाल तर सुटं मागवा. शाकाहारी असाल तर एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, निर्धास्त खा. थंड टोफूवर मात्र बोनितो माशाचा पातळ कीस पसरलेला असतो आणि तळलेल्या टोफूखालचा रस्साही माशाचाच. टिप कुठेच द्यायची नाही.

नंतर गोल्डन गाई, शिंजुकूतलीच छोट्या बारांची वस्ती. सहा अरुंद गल्ल्यांत दोनशेवर बार, बहुतेकांत जेमतेम सहा-आठ खुर्च्या. तिथे दोघांनी जाणं उत्तम, पाचजणांना कुणी घेणार नाही. दारावर कव्हर चार्ज, म्हणजे नुसते बसण्याचे पैसे, लिहिलेला असतो, साधारण ५०० ते १००० येन. लिहिलेला नसेल तर बसण्याआधी विचारा. नेहमीच्याच गिऱ्हाइकांचे बार नकार देतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. न विचारता फोटो काढू नका आणि रोख रक्कम जवळ ठेवा.

आता दलाल. ‘तीन हजारांत हवं तेवढं प्या’ म्हणत गोड बोलून वरच्या मजल्यावर नेतात आणि बिल निघतं दहापट. काबुकिचोत आणि रोप्पोंगी या रात्रीच्या करमणुकीच्या दुसऱ्या भागात पेयात गुंगीचं औषध घालून कार्ड वापरल्याच्याही तक्रारी आहेत. असं गिऱ्हाईक ओढणं तिथे बेकायदा आहे, लाउडस्पीकरवरून सूचनाही चालू असतात. तेव्हा नियम सोपा: रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे जायचं नाही, तो कितीही सज्जन वाटो. अडकलातच तर कार्ड हातात देऊ नका. बाहेर पडून जवळचं कोबान, म्हणजे पोलीस चौकी, गाठा किंवा ११० लावा.

क्लबला जायचं असेल तर मूळ पासपोर्ट लागतो, फोटोकॉपी चालत नाही. पिण्याचं वय २० आहे. २०२२ मध्ये सज्ञान वय १८ झालं तरी हे बदललं नाही. शिबुयाला वळलात तर स्टेशनाच्या परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्यास ऑक्टोबर २०२४ पासून बंदी आहे, दुकानातून कॅन घेऊन चौकात उभे राहू नका. जेवण, दोन बार आणि गाडीचं भाडं धरून दोघांना १५ ते २० हजार येन पुरतील. टॅक्सीचे वेगळे ठेवा.