जिना बंद ठेव

प्रिय बेटा,

व्हिडिओ पाहिला. दहा आठवड्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटच्या जिन्यावरून सशासारखं उड्या मारत उतरतंय आणि तुझे बाबा टाळ्या वाजवताहेत. बाबा म्हणतात सवय लागू दे, आई म्हणते पाय मोडेल, आणि तू मला विचारतेस की चढायला शिकवू का उचलून नेऊ. शिकवण्याचं नंतर पाहू. आधी जिना बंद कर. खाली एक फाटक, वर एक फाटक.

बाबांचा मुद्दा मला पाठ आहे: गल्लीतली कुत्री कुठे फाटकं लावून वाढतात? अरे बाप्पा, गल्लीतलं पिल्लू मातीवर वाढतं, अंगाने हलकं असतं, आणि त्यातली किती लंगडी झाली हे मोजायला कोणी बसलेलं नसतं. तुझा लॅब्राडोर चार महिन्यांचा होईपर्यंत 12-15 किलोचा होईल. वाढत्या हाडांच्या टोकांना अजून कूर्चा असते, ती पक्की व्हायला या जातीत वर्ष-दीड वर्ष जातं. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, कारण सगळा भार पुढच्या पायांवर आदळतो.

नॉर्वेतल्या संशोधकांनी 2012 मध्ये लॅब्राडोर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या 4 मोठ्या जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या आत जिना वापरणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, जास्त आढळला. हलक्या चढउताराच्या जमिनीवर मोकळं फिरणाऱ्यांमध्ये कमी. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेव असं मी म्हणत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत आपल्या अंगणात, नंतर मैदानात, हवं तेवढं हुंदडू दे. खुब्याचा दोष आईबापांकडूनही येतो, त्याला तू काही करू शकत नाहीस. जिन्याला करू शकतेस. बंद कर.

ते कॅल्शियमचं सिरपही थांबव. दुकानदाराने दिलं म्हणून काय झालं? चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम असतंच, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं जादा कॅल्शियमने उलट बिघडतात. पशुवैद्यकाने लिहून दिलं तरच द्यायचं. अंगावर मांस चढवायची घाईही नको.

राहिलं रात्रीचं रडणं. तुझी खोली वर, पिल्लू खाली, म्हणून हा सगळा घोळ. मग तूच गादी घेऊन खाली ये ना! नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत माणूस भाजतो, तिथे पिल्लाला कशाला न्यायचं? खाली कूलर आहे, दार जवळ आहे, आणि या वयात रात्रीतून एकदा तरी त्याला बाहेर न्यावंच लागतं.

आमच्या घरात फाटक लागलं तेव्हा मला हेकट म्हणाले. माझ्या आईचे गुडघे दुखायचे आणि देवघर वर होतं. दर वेळी वाकून कडी काढा, कडी लावा. "कुत्रीसाठी घराचा तुरुंग केलास," असं ती शेवटपर्यंत म्हणायची. ते अजून टोचतं. तरी पुन्हा वेळ आली तर फाटक लावीनच. ती कुत्री म्हातारपणीही स्वतःच्या पायांनी गच्चीवर जायची. नशिबाचा भाग असेल, पण फाटकाचा नव्हता असं मला कोणी सांगू नये.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून लोंबकळवू नकोस. उचलवेनासा झाला की हार्नेसला पट्टा लावून, भिंतीच्या बाजूने, एकेक पायरी, तीही कामापुरतीच. त्याआधी पायऱ्यांवर न घसरणारी पट्टी चिकटवून घे. पट्टा नसेल तेव्हा जिना बंदच. कठड्याच्या गजांमधून त्याचं डोकं जातं का तेही बघ, जात असेल तर जाळी बांध.

फाटक आणायला जाशील तर आधी जिन्याची रुंदी मोजून ने. उभ्या गजांचं घे, आडव्यांवर पिल्लू चढतं. वरचं भिंतीला स्क्रूने बसव. नुसतं दाबून बसवलेलं पिल्लासकट खाली येतं. आणि कडी कमरेच्या उंचीवर अशी लावून घे, की तुमच्या घरातल्या आजीला न वाकता एका हाताने काढता येईल.

तुझा काका