न्यूयॉर्क जायंट्सने डॅनियल जोन्सला १६ कोटी डॉलर दिले आणि सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिलं, यात नक्की चूक काय झाली?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हेच भांडण आमच्या घरात, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि सकाळच्या ट्रेनमध्ये दोन-तीन वर्षं चालू आहे. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून न्यू जर्सीला येऊन सहाच महिने झालेत, ऑफिसात सोमवारी कॉफी मशीनपाशी दोघंजण क्वार्टरबॅक जोन्स आणि रनिंग बॅक बार्कली या नावांवरून अजून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि तुम्हाला अजून क्वार्टरबॅक म्हणजे काय हेच धड कळलेलं नाही. बसा, सांगतो. मी एडिसनला राहतो, २०११ मध्ये आलो आणि पहिल्याच सीझनला जायंट्स अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले, तेव्हा वाटलं असंच असतं दरवर्षी. तेव्हापासून भोगतोय.

आधीच कबूल करतो की या वादात मी चुकीच्या बाजूला होतो. २०२३ च्या मार्चमध्ये मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता की जोन्सला पैसे द्या, रनिंग बॅक काय कुठेही मिळतात, पंचविशी ओलांडली की गुडघे संपतात त्यांचे, वगैरे वगैरे. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट एका तेलुगू मित्राने जपून ठेवलाय आणि दर रविवारी न चुकता टाकतो, अगदी देवाला फूल वाहावं तसा.

खेळाचं थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक डावाला बॉल ज्याच्या हातात येतो आणि पुढचे दोन-तीन सेकंद सगळी टीम ज्याच्या डोक्यावर असते तो. रनिंग बॅक म्हणजे बॉल छातीशी धरून गर्दीत घुसणारा, आपल्या कबड्डीतल्या चढाईवाल्यासारखा, फक्त इथे पाय धरणारे सव्वाशे-दीडशे किलोचे असतात. त्यामुळे रनिंग बॅक लवकर झिजतो आणि म्हणून त्याला भाव कमी, हा लीगचा हिशोब. आणि प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात, आयपीएलच्या लिलावातल्या पर्ससारखी. २०२३ मध्ये ती साधारण साडेबावीस कोटी डॉलर होती. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं, सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

आता मूळ गोष्ट. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू टीमांनी पाळीपाळीने निवडायचे. बार्कलीला जायंट्सने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला घेतलं, जोन्सला २०१९ मध्ये सहाव्या नंबरला. दोघांनाही आधीच्या जनरल मॅनेजरने, म्हणजे खेळाडू आणायचे-सोडायचे ठरवणाऱ्याने, आणलेलं. २०२२ च्या जानेवारीत जो शोन हा नवा जनरल मॅनेजर आला, सोबत ब्रायन डेबोल हा कोच, दोघंही बफेलोहून. नव्या सुनेला जुन्या सासूने भरलेलं लोणचं मिळावं तसं त्यांना जोन्स मिळाला. त्यांनी काय केलं, तर त्याच्या करारातलं पाचवं वर्ष वाढवायचा पर्याय होता तो नाकारला. त्या वर्षाचे सव्वादोन कोटी डॉलर लागले असते. म्हणाले, आधी खेळून दाखव मग बघू. यात तेव्हा कुणालाच काही गैर वाटलं नाही, मलाही नाही.

आणि झालं काय, तर पोराने खेळून दाखवलं. फार नाही हं, पूर्ण सीझनला पंधरा टचडाऊन पासेस, म्हणजे थेट गोल करून देणाऱ्या फेकी, चांगल्या क्वार्टरबॅकसाठी हा आकडा किरकोळ आहे, पण चुका कमी केल्या, पायाने सातशेच्या वर यार्ड पळाला, आणि टीम प्लेऑफला गेली. मग १५ जानेवारी २०२३, मिनेसोटामध्ये मॅच. जोन्सने बॉल फेकून ३०१ यार्ड मिळवले, वर ७८ यार्ड पळाला, ३१-२४ ने जिंकलो. अकरा वर्षांनी प्लेऑफमधला पहिला विजय. आमच्या बेसमेंटमध्ये दहा-बारा माणसं, बायकोने मिसळ केलेली, शेवटच्या मिनिटाला कुणीतरी उडी मारली आणि तर्रीचं पातेलं पांढऱ्या कार्पेटवर. तो डाग अजून आहे. मी त्या रात्रीच जोन्सची ८ नंबरची जर्सी ऑर्डर केली.

आता नीट ऐका, कारण माझ्या मते चूक इथे आहे. त्या वर्षीचा मिनेसोटाचा डिफेन्स लीगमधल्या सगळ्यात गळक्या डिफेन्सपैकी एक होता. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियाने, म्हणजे ईगल्सने, आम्हाला ३८-७ ने धुतलं. जोन्सची खरी किंमत या दोन मॅचेसच्या मध्ये कुठेतरी होती आणि आम्ही सगळे पहिलीच धरून बसलो, मालकांपासून माझ्यापर्यंत.

मग मार्च आला. इथे एक नियम कळला नाही तर पुढचं काही कळणार नाही. करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष अडकवून ठेवता येतं, त्याला फ्रँचायझी टॅग म्हणतात, पण तो टीमला वर्षाला एकच मिळतो. इथे करार दोघांचेही संपलेले. जोन्सला टॅग लावला तर एका वर्षाचे सव्वातीन कोटी डॉलर द्यावे लागणार आणि बार्कली मोकळा. बार्कलीला लावला तर फक्त एक कोटीत काम, पण मग जोन्सशी लांबचा करार करावाच लागणार. ७ मार्चला दुपारी चारची मुदत. मी ऑफिसात मीटिंगमध्ये मांडीवर फोन ठेवून बघत होतो. मुदत संपायला काही मिनिटं असताना बातमी आली, जोन्सला चार वर्षं, १६ कोटी डॉलर, त्यातले आठ कोटींहून जास्त खात्रीचे, आणि टॅग बार्कलीला. दोघंही राहिले! मी मीटिंगमध्ये जोरात 'यस' म्हणालो आणि मॅनेजरला वाटलं मला त्यांची रिलीजची तारीख पटली.

म्हणजे बघा, जे पाचवं वर्ष सव्वादोन कोटीत मिळत होतं ते नाकारून वर्षाला सरासरी चार कोटींचा करार केला. आपल्याकडे म्हणतात तसं, बैल गेला आणि झोपा केला.

पुढचा सीझन मी लवकर संपवतो, आठवायची इच्छा नाही. १० सप्टेंबर २०२३, घरच्या मैदानावर, धो धो पाऊस, डॅलसकडून ४०-० ने हरलो. जोन्स आधी मानेने गेला, मग नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला. बार्कली ९६२ यार्ड पळाला, दर धावेला सरासरी चार यार्डांच्या आतच. सगळे म्हणाले, बघा, संपला. मीही म्हणालो. पण त्या वर्षी आमच्या क्वार्टरबॅक्सना मिळून ८५ वेळा आडवं पाडलं, लीगच्या इतिहासातला दुसऱ्या नंबरचा आकडा. समोरची भिंत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, कागदाची होती. त्या भिंतीमागून सव्वीस वर्षांचा बार्कली पळाला काय नि सतरा वर्षांचा पळाला काय, आपटणारच.

२०२४ च्या मार्चमध्ये बार्कली मोकळा झाला आणि गेला कुठे, तर ईगल्सकडे. तीन वर्षं, पावणेचार कोटी डॉलर. टीव्हीवर त्या ऑफसीझनची डॉक्युमेंटरी सिरीज आली, त्यात मालक जॉन मारा आपल्या जनरल मॅनेजरला सांगताना दिसतात की सॅक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. कॅमेऱ्यासमोर! हे दृश्य इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. न्यू जर्सी अशी मधोमध कापलेली आहे, वरचा भाग जायंट्सचा, खालचा ईगल्सचा, आणि आमचं एडिसन बरोबर सीमेवर. माझ्या मुलाकडे बार्कलीची २६ नंबरची जर्सी होती. त्याने विचारलं, बाबा, ही आता शाळेत घालू का? मला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हटलं घरात घाल.

२० ऑक्टोबर २०२४ ला मी आणि मुलगा जायंट्सच्या घरच्या मेटलाइफ स्टेडियमला गेलो, सीकॉकसला ट्रेन बदलून, वरच्या मजल्यावरची स्वस्तातली तिकिटं. बार्कली पहिल्यांदाच पाहुणा म्हणून आलेला. सुरुवातीला लोकांनी जोरात हुर्यो केला. मग तो पळायला लागला. सतरा वेळा बॉल घेतला आणि १७६ यार्ड, ईगल्स २८-३. हळूहळू हुर्यो थांबला, मग आमचे निळे शर्ट उठून जायला लागले, आणि चौथ्या क्वार्टरला जोन्सला बाहेर काढून दुसऱ्याला आत पाठवलं तेव्हा आमच्या रांगेत आम्ही दोघं आणि एक म्हातारे गृहस्थ, बाकी सगळं ईगल्सचं हिरवं. म्हातारबाबा प्रेट्झेल खात शांतपणे म्हणाले, याहून वाईट दिवस पाहिलेत. कधी ते नाही सांगितलं.

महिन्याभरात जोन्सला बाकावर बसवलं, आणि २२ नोव्हेंबरला त्याच्याच विनंतीवरून सोडून दिलं. बाकावर बसवण्यामागेही हिशोब होताच, तो जखमी झाला असता तर पुढच्या वर्षाचे २ कोटी ३० लाख डॉलर गळ्यात पडले असते. बार्कली मात्र २००५ यार्ड पळाला, आणि सुपर बोल जिंकला ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला. एका सीझनमध्ये सर्वात जास्त यार्ड पळण्याचा लीगचा चाळीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड कमी होते आणि शेवटची मॅच कुणाशी, तर आमच्याशीच. कोचने त्याला विश्रांती दिली. त्याबद्दल आम्ही ईगल्सचे आभार मानावेत का, यावर ग्रुपवर वेगळं भांडण झालं.

आता तुमच्या ऑफिसातले दोघं. पहिला म्हणत असणार, २००५ यार्ड, विषय संपला, बार्कलीला सोडणारे गाढव. मला हे अर्धंच पटतं. तेच पाय ईगल्सच्या लाइनमागे दर धावेला सहाच्या जवळ यार्ड काढत होते, कारण समोर जॉर्डन मायलाटा, लेन जॉन्सन असली माणसं दारं उघडून धरत होती. आमच्याकडे राहिला असता तर २००५ सोडा, एक हजारावर लंगडत पोचला असता, आणि त्याच पहिल्या माणसाने ओरडा केला असता की रनिंग बॅकवर पैसे उडवले. दुसरा म्हणत असणार, जोन्स वाईट नव्हताच, २०२५ ला इंडियानापोलिसला गेला आणि पहिल्या दहापैकी आठ मॅच जिंकून दिल्या. खरंय, आणि डिसेंबरमध्ये टाचेचा स्नायूबंध तुटेपर्यंत तो बरा खेळत होता. पण तिथे त्याला वर्षाला दीड कोटीच्या आत घेतलं होतं आणि मागे जोनाथन टेलरसारखा रनिंग बॅक होता, म्हणजे त्या भावात तो ठीकच होता.

भांडण बार्कली की जोन्स हे नाहीच मुळी. घरात भिंत पडलेली असताना कुणाला सोफा द्यायचा यावर ही सगळी डोकेफोड. शोनने २०२२ मध्ये सातव्या नंबरला इव्हन नील नावाचा लाइनमन आणला तो चाललाच नाही, आणि ती एक निवड जरी बरोबर पडली असती तरी पुढचा निम्मा तमाशा टळला असता असं मला वाटतं. आणि ज्याच्याबद्दल कुणी भांडतच नाही तो झेवियर मॅकिनी, त्याच मार्चमध्ये आम्ही त्यालाही सोडला, तो ग्रीन बेला गेला, आठ इंटरसेप्शन काढले, म्हणजे समोरच्याने फेकलेला बॉल आठदा मध्येच पकडला, आणि ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. त्याच्या जाण्याने मालकांची झोप उडाल्याचं ऐकलं नाही.

एक अजून सांगायचं राहिलं, म्हणजे तुम्हाला इथले फॅन कोणत्या थराला जातात ते कळेल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये टीम लागोपाठ हरत असताना लोकांनी स्टेडियमवरून विमान फिरवलं, मागे मालकांना उद्देशून फलक. नंतर २९ तारखेला आम्ही इंडियानापोलिसच्या कोल्ट्सला ४५-३३ ने हरवलं, आणि ग्रुपवर सुतक! कारण सगळ्यात वाईट टीमला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, हरलो असतो तर तो पहिला नंबर आमच्या हातात राहिला असता. जिंकल्यावर रडणारे लोक मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले, त्यात मी पण होतो.

पुढे २०२५ च्या ऑफसीझनला छत्तिशीतला रसेल विल्सन आणला, सोबत जेमिस विन्स्टन, आणि ड्राफ्टमध्ये सौदा करून पंचविसाव्या नंबरपर्यंत वर चढून जॅक्सन डार्ट. तीन क्वार्टरबॅक, एक बॉल. दुसऱ्या मॅचला विल्सनने डॅलसमध्ये ४५० यार्ड फेकले. हरलो, पण ४५० यार्ड! लगेच ग्रुपवर एकाने टाकलं की म्हाताऱ्याला आताच अजून दोन वर्षं बांधून घ्या. मी काही न बोलता त्याला मिनेसोटाच्या मॅचचा स्कोअर पाठवला. तिसरी मॅच हरल्यावर विल्सन बाकावर आणि डार्ट आत, डार्ट पहिलीच मॅच जिंकला.

आता मुलगा डार्टची ६ नंबरची जर्सी मागतोय. मी म्हटलं एक पूर्ण सीझन जाऊ दे, बघू. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आठ नंबर मागवताना एक रात्र तरी जाऊ दिली होतीत का?